एक दिवसाआड बंद पडणारा कॉम्प्युटर

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचा कॉम्प्युटर नोव्हेंबरपासून मधेच बंद पडत होता. मला बोलावणं आलं ते संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी. तोवर विंडोज एकदा नव्याने टाकून झालं होतं, रॅमची जादा स्टिक बसवून झाली होती, आणि काकांना प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची सवय लागली होती. एवढं करूनही आजार कमी न होता वाढलाच होता.

मी एका कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळते. बंद पडणारी यंत्रं रोज हाताखालून जातात. हे प्रकरण सविस्तर मांडते आहे, कारण यात दोन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळली होती आणि त्यातलं दुसरं पहिल्यावरच्या उपचारातून आलेलं होतं. मीही सुरुवातीला चुकले. कुठे चुकले तेही सांगते.

काकांचं काम आणि काकांचं यंत्र

काका निवृत्त शिक्षक. त्यांच्या आजोबांची मोडीतली पत्रं एका पत्र्याच्या पेटीत निघाली, आणि गेली तीन वर्षं ते ती बाळबोधीत उतरवून टाइप करताहेत. पहाटे उठून, आंघोळ उरकून साडेपाचच्या सुमारास ते टेबलाशी बसतात. त्या वेळी घर शांत असतं आणि मोडीचं वळण लागायला शांतता लागते. एकेका शब्दासाठी भिंग घेऊन पंधरा-पंधरा मिनिटं जातात. असा शब्द लागला, टाइप झाला आणि पडदा काळा झाला, की काय होत असेल ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

कॉम्प्युटर सात वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज १०, टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर यंत्र चालू ठेवणारा डबा. टायपिंगला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

दुकानात दोन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या फेरीत ९ डिसेंबरला फॉरमॅट मारून विंडोज नवं टाकलं. यंत्र दोन दिवस दुकानात चालू ठेवून पाहिलं, एकदाही बंद पडलं नाही, म्हणून परत दिलं. ११ तारखेला घरी पहाटे पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीत, १९ डिसेंबरला, ‘रॅम कमी पडतेय’ असं निदान होऊन ४ जीबीची आणखी एक स्टिक लावली गेली. त्यानंतर निळा पडदा दिसायला लागला. तो आधी कधीच नव्हता. दुकानदाराचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही. त्याच्या टेबलावर यंत्र नीट चालत होतं, आणि जे बंदच पडत नाही ते तो शोधणार कसं?

नोंदी

विंडोज आपल्या प्रत्येक मरणाची नोंद ठेवतं. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की इव्हेंट व्ह्यूअर मिळतो. त्यात विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम हा भाग उघडायचा आणि क्रमांक ४१ शोधायचा. ‘कर्नल-पॉवर ४१’ याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. ही नोंद पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते, म्हणून तिची वेळ ही बंद पडण्याची वेळ नसते. ती वेळ क्रमांक ६००८ च्या नोंदीत सापडते. हा फरक फार कामाचा आहे. बंद पडल्यावर काका कधी लगेच बटण दाबत, कधी वैतागून चहा घेऊन येत.

४१ च्या तपशिलात ‘बगचेक कोड’ नावाची एक ओळ असते. निळा पडदा आला असेल तर तिथे सहसा त्याचा आकडा असतो. विंडोजला काही कळायच्या आतच सगळं संपलं असेल तर तिथे शून्य असतं. शून्य दिसलं की आधी वीजपुरवठ्याकडे बघायचं. गोठलेलं यंत्र कुणी बटण दाबून धरून बंद केलं तरी शून्यच येतं, म्हणून काकांना तेही विचारलं. त्यांनी तसं कधीच केलं नव्हतं.

९ डिसेंबरच्या आधीचं काहीच हाती लागलं नाही. फॉरमॅटबरोबर नोव्हेंबरचा सगळा पुरावा पुसला गेला होता. उरलेल्या नोंदी मी कागदावर उतरवल्या. एकूण चौदा. त्यातल्या आठ शून्याच्या: डिसेंबरच्या ११, १५, १७, २५, २९ आणि जानेवारीच्या २, ६, १२. आठही पहाटे पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान. बाकीच्या सहा निळ्या पडद्याच्या, सगळ्या १९ डिसेंबरनंतरच्या, वेळेचा काही धरबंध नाही. एक सकाळी दहाला, एक रात्री नऊला, एक भर दुपारी. त्यांचे संदेशही वेगवेगळे: कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल.

इथेच माझं चुकलं. दोन ढीग माझ्यासमोर वेगळे पडले होते, तरी मी त्यांना एकाच कारणाला बांधलं. अशक्त एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला हवी तशी करून देणारा आतला डबा, दोन्ही करू शकतो. कधी वीज पूर्ण तोडतो, कधी मेमरीला अस्थिर दाब देऊन निळा पडदा आणतो. सात वर्षांचा एसएमपीएस, आतले कपॅसिटर थकलेले असणार, असं मी धरून चालले. माझ्याकडे एक चांगला एसएमपीएस होता. १४ तारखेच्या संध्याकाळी, काकूंनी दिलेला तिळगूळ खाऊन, मी तो बसवून आले.

१५ च्या सकाळी काकांचा आनंदाने फोन: ‘अगं, दोन तास बसलो, काही झालं नाही!’ मलाही वाटलं, झालं काम. १६ ला सहा वाजून पाच मिनिटांनी पडदा काळा.

काकूंचं कॅलेंडर

त्या संध्याकाळी मी कागद पुढ्यात घेऊन बसले होते आणि काका मला पुन्हा सगळं सांगत होते. आतून काकू म्हणाल्या, ‘आज तर नळ आले होते तेव्हाच गेला. मी मोटर लावायला गेले आणि हे ओरडले.’

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. १९७८ साली नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून इंदूरला आलं, आणि आजही शहराची तहान मुख्यतः त्यावरच भागते. पण आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतात. नळ आले की घरोघरी मोटर लागते आणि पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं. रामबागेतल्या आमच्या गल्लीत ही वेळ पहाटेची.

काकू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात, आणि नळाच्या दिवशी तारखेभोवती पेन्सिलीने गोल करतात, कारण एखादे दिवशी पाणी आलंच नाही तर पुढचा अंदाज चुकतो. मी डिसेंबरचं पान उलटून बघितलं. ११ ला गोल, १५ ला गोल, १७, २५, २९, सगळ्यांना गोल. जानेवारीत २, ६, १२ ला गोल. शून्याच्या आठही नोंदी गोलांत बसल्या. निळ्या पडद्याच्या सहांपैकी काही गोलांत होत्या, काही बाहेर.

तारखा बघून हे मला आधी का दिसलं नाही, तेही तेव्हाच कळलं. डिसेंबरमध्ये सगळ्या विषम तारखा, जानेवारीत सगळ्या सम. महिना ३१ दिवसांचा असल्यामुळे एक दिवसाआडचा क्रम महिना बदलताच विषमावरून समावर उडी मारतो. वाराशीही मेळ बसत नाही. शिवाय नळाच्या प्रत्येक दिवशी काका त्या वेळी टेबलाशी असतीलच असं नव्हतं. म्हणून क्रम असूनही तो विस्कटलेला दिसत होता.

आणि माझा एसएमपीएस १५ तारखेला ‘पास’ झाला, कारण त्या दिवशी नळ नव्हते. दुकानातही यंत्र चाललं, कारण तिथे यूपीएस त्यांचा होता आणि मोटर नव्हती.

१८ तारखेची पहाट

पावणेसहाला मी मल्टिमीटर घेऊन काकांच्या टेबलाखाली होते. कॉम्प्युटर मुद्दाम बंद ठेवला. त्याच्या जागी यूपीएसला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब असलेला टेबललॅम्प जोडला. प्रयोग करताना काकांच्या फायली पणाला लावायच्या नव्हत्या. मीटर भिंतीच्या सॉकेटला, किमान आकडा धरून ठेवण्याच्या मोडवर.

मोटर बंद असताना २२६ व्होल्ट. काकूंनी मोटर लावली. देवघरातला दिवा मंद झाला, यूपीएसमध्ये ‘टक्’ असा रिलेचा आवाज आला, टेबललॅम्प विझला, आणि पुन्हा ‘टक्’ होऊन लागला. मीटरने धरलेला किमान आकडा होता १५८. मीटर सरासरी काढतो, त्यामुळे पहिल्या काही क्षणांत दाब याहूनही खाली गेला असणार. मोटर स्थिर चालायला लागल्यावर २११.

काका म्हणाले, ‘हा टक् आवाज तर मी रोज ऐकतो.’ त्यांना तो कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

आता यूपीएसचा प्लग सरळ भिंतीतून काढला. लॅम्प एक-दीड सेकंद लालसर जळला आणि गेला. उघडून पाहिलं तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी पाच वर्षांपूर्वीची निघाली. या शिशाच्या बॅटऱ्या घरगुती यूपीएसमध्ये साधारण दोन-तीन वर्षं तग धरतात. भार नसताना ती साडेबारा व्होल्ट दाखवत होती, भार दिला की सातवर कोसळत होती. पुढचा हिरवा दिवा मात्र इमानाने जळत होता. तो फक्त भिंतीत वीज आहे एवढंच सांगतो.

म्हणजे घडत होतं ते असं. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. घरातला दाब क्षणभर कोसळतो. यूपीएस आपलं कर्तव्य म्हणून बॅटरीवर उडी मारतो, आणि बॅटरी मेलेली. एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद पुरते, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. टायपिंगच्या हलक्या भारावर ती थोडी जास्त टिकते, पण यूपीएस भिंतीच्या विजेवर परत येईपर्यंत नाही. एसएमपीएस जुना असो की माझा चांगला, फरक पडायचं कारणच नव्हतं.

२११ हा आकडा

खरं तर कॉम्प्युटरपुरतं निदान इथे संपलं होतं. पण १५८ पेक्षा मला २११ ने जास्त अस्वस्थ केलं. सुरू होताना दाब पडणं समजू शकतं. मोटर नुसती चालू असताना १५ व्होल्ट कुठे जात होते?

एक हॉर्सपॉवरची मोटर साधारण ६ अँपिअर घेते. १५ भागिले ६ म्हणजे अडीच ओहम. हा रोध विजेच्या मीटरपासून माजघरापर्यंतच्या तारेत कुठेतरी होता. आणि १५ गुणिले ६ म्हणजे ९० वॅट. मोटर चालेल तितका वेळ त्या तारेत, बहुधा एखाद्या सांध्यात, सोल्डरिंग आयर्नच्या तिप्पट उष्णता तयार होत होती. घर जुनं, छताला लाकडी तुळया. मी काकूंना त्या दिवशी मोटर लगेच बंद करायला लावली आणि आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतलं. यात आपण हात घालायचा नसतो. मेन स्विचच्या आधीची बाजू कायम जिवंत असते, आणि माझं शिक्षण असूनही मी तिथे हात लावला नाही.

त्याने मेन स्विच उघडला. न्यूट्रलच्या लिंकवर, म्हणजे वीज परत जाणाऱ्या तारेच्या जोडावर, जुनी ॲल्युमिनियमची तार, स्क्रू ढिला, आणि तारेवरचं काळं आवरण दोन बोटं लांबीपर्यंत वितळून कडक झालेलं. बोटाने दाबलं तर कोळशासारखं तुटलं. काकू बराच वेळ ते बघत उभ्या राहिल्या. ‘दिवा मंद व्हायचा, मला वाटायचं सगळ्यांकडे होतो,’ एवढंच म्हणाल्या.

तो तुकडा कापून, नवी तांब्याची तार घालून सांधा घट्ट केल्यावर मोटर चालू असताना २२२ व्होल्ट मिळाले, सुरू होतानाचा किमान आकडा १९८.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट निघाली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की काकांच्या बोटांना झिणझिण व्हायचं. एक्स्टेन्शन बोर्डात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहून जवळजवळ निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह फार थोडा, म्हणून झिणझिणीवर भागतं. बंद पडण्याशी याचा संबंध नव्हता, पण बोर्ड त्याच दिवशी बदलला.

निळा पडदा

यूपीएसची बॅटरी २० तारखेला बदलली. २० आणि २२, नळाचे दोन्ही दिवस सरळ गेले. २३ च्या दुपारी निळा पडदा आला आणि मला हायसं वाटलं, कारण आता दुसरा ढीग स्वच्छ वेगळा झाला होता.

दर वेळी वेगळा संदेश, दर वेळी वेगळ्या फाइलवर दोषारोप, हे रॅमचं जुनं लक्षण आहे. ड्रायव्हर बिघडला असेल तर तो सहसा त्याच त्या ठिकाणी अडखळतो. रॅम मात्र जी फाइल त्या खराब जागी पडेल तिला बळी देते. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम घालून रात्रभर लावलं. पहिल्या दोन फेऱ्या निर्दोष, तिसऱ्या फेरीपासून लाल ओळी. एक फेरी पाहून थांबले असते तर रॅम चांगली म्हणून मोकळी झाले असते.

लाल ओळी दिसल्या म्हणून लगेच स्टिक फेकायची नसते, स्लॉटही खराब असू शकतो. म्हणून मूळची स्टिक एकटी, मग १९ डिसेंबरची एकटी, आणि मग दोन्हींच्या जागा बदलून. यात तीन रात्री गेल्या. मूळची स्टिक कोणत्याही स्लॉटमध्ये स्वच्छ. नंतरची स्टिक कोणत्याही स्लॉटमध्ये दोषी, आणि दोष दर वेळी त्याच एका बिटात, म्हणजे शून्य किंवा एक साठवणाऱ्या एकाच जागेत.

म्हणजे नोव्हेंबरात काकांच्या यंत्राला मुळात काहीच झालं नव्हतं. आजारी होती यूपीएसची बॅटरी आणि मेन स्विचमधला स्क्रू. त्यावर औषध म्हणून रॅम दिली गेली आणि त्या रॅमने यंत्र खरोखर आजारी पडलं. स्टिक काढून ठेवली. ४ जीबीवर काकांचं काम पूर्वीसारखंच चालतं.

एक अक्षर

सगळं ठीक झाल्यावर मी काकांना एक नकोशी गोष्ट सांगितली. खराब रॅम यंत्र बंद पाडते तेव्हा निदान दिसते तरी. कधी ती काहीच न बोलता एखादा बिट उलटा करते, आणि फाइल तशीच सेव्ह होते.

काका दोन दिवसांनी एक पान घेऊन आले. मूळ पत्रात ‘आपणांकडे’ होतं, टाइप केलेल्यात ‘आपणांगडे’. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘क’ चा क्रमांक ०९१५ आणि ‘ग’ चा ०९१७. शेवटचे चार बिट लिहिले तर ०१०१ आणि ०१११. एक बिट फिरला की क चा ग होतो. मी काकांना ते कागदावर काढून दाखवलं. तो बिट रॅमनेच फिरवला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर क आणि ग वरखाली लागून आहेत, बोट घसरलं असेल. पण काका म्हणाले, ‘असेल किंवा नसेल, पत्र आजोबांचं आहे.’

१९ डिसेंबर ते २३ जानेवारी या काळात त्यांनी एकेचाळीस पानं टाइप केली होती. ती ते मुळाशी ताडून पुन्हा वाचताहेत. एका हातात भिंग, काकू शेजारी बसून छापलेलं पान मोठ्याने वाचतात. नळाच्या दिवशी काकू मधेच उठून मोटर लावून येतात आणि उरलेली ओळ पुढे वाचायला घेतात. काल संध्याकाळी विचारलं तेव्हा नऊ पानं राहिली होती.